खटक्यांची डबी

काटा काही केल्या हलेना.

विष्णुमूर्ती केदिलायांनी डबीचा पहिला खटका पाडला. दुसरा पाडला. मग रागाने अंगठा फिरवून सहाच्या सहा पाडले. वॉकीटॉकीला बसवलेल्या मीटरचा काटा उजव्या टोकाला जो चिकटला होता तो चिकटलेलाच. अँटेना पूर्वेला धरली तरी तेच, पश्चिमेला धरली तरी तेच. शेवटी त्यांनी ती जीपच्या खिडकीतून बाहेर काढून सरळ जमिनीकडे धरली. काट्याचं म्हणणं असं, की कोल्हा जमिनीखालीही आहे.

"मेल्याने डबी नाही, डोकेदुखी बनवून दिलीय!" केदिलाय ओरडले.

"डबी बिचारी वर्षभर कपाटात पडून होती," जलजाक्षी म्हणाल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून जीप त्याच चालवायच्या. "तिने काय केलं तुमचं? नाचता येईना अंगण वाकडं."

"तू रस्त्याकडे बघ."

"रस्त्याकडेच बघतेय. हा पूल दुसऱ्यांदा आला."

कार्कळ-मूडबिद्रीकडच्या हौशी रेडिओवाल्यांची ही दरवर्षीची शिकार. पावसाळ्यानंतर रस्ते वाळले की एका रविवारी सकाळी करायची. एकजण कोल्हा होतो, म्हणजे लहानसा ट्रान्समीटर घेऊन कुठेतरी पोफळीच्या बागेत नाहीतर डोंगरात लपून बसतो, आणि दर पाच मिनिटांनी मिनिटभर शीळ सोडतो. बाकीच्यांनी अँटेना फिरवत फिरवत, शीळ जिकडून जोरात येते तिकडे गाडी हाणायची. लांब असताना हे सोपं असतं. जवळ पोचलं की सिग्नल असा दांडगा होतो की काटा टोकाला जाऊन बसतो, आणि मग चारी दिशा सारख्याच. तिथे ही खटक्यांची डबी लागते. अँटेना आणि वॉकीटॉकी यांच्या मधोमध ती जोडायची. एकेक खटका पाडावा तसा सिग्नल कमी कमी होतो, काटा खाली उतरतो आणि कळतं, की कोल्हा उजवीकडच्या काजूत आहे का डावीकडच्या विहिरीमागे. डबी नसेल तर शेवटचा अर्धा मैल म्हणजे आंधळी कोशिंबीर.

आणि शिकारीची एक जुनी रीत होती. कोल्ह्याने दोघांपुरता डबा घेऊन जायचा. जो त्याला पहिल्यांदा शोधेल त्याने तिथेच, कोल्ह्याच्या समोर बसून, कोल्ह्याच्या हातचं वाढलेलं जेवायचं. करंडक वगैरे काही नाही. एवढंच.

या वर्षी कोल्हा होता बोनिफास रेगो.

रेगो आणि केदिलाय म्हणजे तीस वर्षांची जोडी. टेलिफोन खात्यात एकाच टेबलावर दोघांनी नोकरी काढली, एकाच वर्षी रेडिओचं लायसन्स काढलं, आणि प्रत्येक शिकारीला एकाच जीपमध्ये बसले. अँटेना केदिलायांकडे, स्टिअरिंग रेगोकडे. ही डबीही रेगोनेच आपल्या हाताने बनवलेली. पत्रा कापून, आतून कप्पे पाडून, प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण. आणि गेल्या वर्षी ऐन शिकारीत तिने दगा दिला. पहिला खटका पाडला की काटा भलतीकडेच नाचायला लागला. दोघं सगळ्यांच्या मागून, शेवटी पोचले. दुपारी जेवणाच्या पंगतीत केदिलायांचं तोंड सुटलं. वीस माणसांसमोर ते म्हणाले, "याचं सोल्डरिंग म्हणजे कावळ्याची शिट. पडेल तिथे पडेल." रेगोने हातातला घास पानात ठेवला, हात धुतला आणि तो निघून गेला. त्याला आता वर्ष झालं. दोघांच्या घरांच्या मध्ये फक्त एक शाळा आणि एक चर्च, पण कोणी कोणाच्या दारात गेलं नाही.

"आवाज लावून बघा ना एकदा," जलजाक्षी म्हणाल्या. "नुसता काटा काय बघत बसायचं?"

केदिलायांनी वॉकीटॉकीचा आवाज जरासा वाढवला. लगेच जीपमध्ये अशी कर्कश किंकाळी उठली की जलजाक्षींचा पाय ब्रेकवर गेला. केदिलायांनी घाईघाईने आवाज बंद केला.

"बघ! बघितलंस? साधी शीळ सोडायची तर ही राक्षसाची शीळ लावलीय त्याने. आणि अखंड! पाच मिनिटांतून एक मिनिट सोडायची हा नियम. हा निघाल्यापासून एक क्षण थांबलेला नाही. माझ्या छळासाठी केलंय हे सगळं."

"कंट्रोलला विचारा."

"कंट्रोल म्हणजे तो हेब्बार. तो सकाळपासून चकार शब्द बोललेला नाही. इडल्या खात बसला असेल."

मैदानावरून शिकार चालवणाऱ्या कंट्रोलशी बोलायचा मोठा सेट जीपच्या डॅशबोर्डात होता आणि तो खरंच गप्प होता. त्यावर केदिलायांनी आपली टोपी अडकवून ठेवली होती. फोन करावा म्हटलं तर तीही सोय नाही. शिकारीआधी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा होतात, कोणी कोणाला चोरून पत्ता सांगू नये म्हणून.

पुलाच्या पलीकडे, जांभ्या दगडाच्या गडग्याला लागून जलजाक्षींनी जीप उभी केली.

"का थांबवलीस?"

"आंधळ्यासारखं भटकण्यापेक्षा ती डबी उघडून तरी बघू. आणा इकडे."

"वेळ जातोय, जलजाक्षी! तो बल्लाळ एव्हाना पोचला असेल!"

"पोचेना का. बल्लाळ जेवला म्हणून तुमच्या पोटात का दुखतं? घरी मी सांबार करून ठेवलंय."

केदिलायांनी डबी मांडीवर घेतली. पेचकस काढला, डबीचे स्क्रू सोडवू लागले. एक स्क्रू फिरेना. त्यांनी त्याला शिवी दिली, आणि जणू स्क्रू ऐकत नाही म्हणून बायकोला म्हणाले, "बल्लाळ जेवला तर मी वर्षभर उपाशी, कळलं? त्या बल्लाळला दिशा तरी कळतात का? स्वतःच्या घरचा रस्ता तो बायकोला विचारतो. आणि तो जाऊन रेगोसमोर बसणार. त्याच्या लिलीने अळूच्या पानांचे पत्रोडे केले असणार. दरवर्षी करते. ते पत्रोडे बल्लाळ खाणार!"

"पत्रोडे मी पण करते."

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते, उगाच वेड पांघरू नकोस." स्क्रू एकदाचा निघाला. "मी पहिला पोचलो तर त्याला माझ्यापुढे पान मांडावंच लागेल. रीत आहे ती. तो नाही म्हणू शकत नाही. मग दोघं खाली मान घालून जेवू. जेवताना माणूस किती वेळ गप्प बसेल? मीठ दे म्हणावं लागतं. पाणी घे म्हणावं लागतं. तेवढ्यावर भागेल. माफी-बिफी काही नको."

"तेवढंच पाहिजे असेल तर सरळ त्याच्या घरी जा. शाळा ओलांडायची, चर्च ओलांडायचं."

"जाऊन काय म्हणू?"

"चुकलं म्हणा."

"मेलो तरी म्हणणार नाही! सोल्डर त्याचं कच्चं, चूक माझी कशी?" केदिलायांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "पण करमत नाही गं. वर्षभर कोणाशी भांडलोसुद्धा नाही धड. पुढच्या वर्षी आमच्यातला कोण असेल, कोण नसेल. माझी अँटेना, त्याचं स्टिअरिंग... तू चांगली चालवतेस, तसं नाही. पण तो वळण यायच्या आधीच वळवायचा."

जलजाक्षींनी त्यावर टोमणा मारला नाही. त्यांनी डबी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि पहिल्या कप्प्याचं झाकण उचललं. शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांना विज्ञान शिकवलं होतं. नवऱ्याच्या नादाने तारा-वायरीही पुष्कळ हाताळल्या होत्या.

"अहो, हे बघा."

पहिल्या खटक्याखालचे दोन रेझिस्टर कोळशासारखे काळे पडले होते. एक तर मधोमध तडकला होता.

"बघ! मी म्हणत होतो!"

"काय म्हणत होता? सोल्डर बघा. चांदीसारखं चकाकतंय. एकही जोड सुटलेला नाही. जळलंय ते आतलं, आणि तेसुद्धा फक्त पहिल्या कप्प्यातलं, वॉकीटॉकीच्या बाजूचं." त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकताना येणाऱ्या सिग्नलने मुंगीचा पायसुद्धा भाजत नाही. हे जळायला बोलायचं बटण दाबावं लागतं. डबी मध्ये असताना कोण बोललं होतं यातून?"

केदिलायांनी डबी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिली.

डबी लावलेली असताना बोलायचं बटण दाबायचं नाही. क्लबातल्या नव्या पोराला पहिल्या दिवशी हे सांगतात, आणि सांगायचे केदिलायच. डबी ऐकायची वस्तू. तिच्यातून बोलायला गेलात की सगळी ताकद त्या मोहरीएवढ्या रेझिस्टरांवर जाते आणि त्यांची राख होते. आणि आता त्यांना लख्ख आठवलं. गेल्या वर्षी घाटाच्या तोंडाशी हेब्बारने चॅनलवर विचारलं होतं, केदिलाय सर कुठे आहात? आणि त्यांनी ऐटीत बटण दाबून सांगितलं होतं, कोल्ह्याच्या शेपटीपाशी! रेगो तेव्हा चहा आणायला खाली उतरला होता.

"हे बघ जलजाक्षी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ही गोष्ट या जीपच्या बाहेर जाता कामा नये."

"कोण नेणार? मी, का ही काजूची झाडं?"

"हेब्बारला तर अजिबात नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळ्या जिल्ह्यात बोंब होईल, की केदिलायाने बटण दाबून डबी जाळली आणि नाव रेगोचं घेतलं."

"पण जाळलीत ना?"

"जाळली."

"मग रेगोला सांगणार?"

"नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा," जलजाक्षी म्हणाल्या आणि झाकण लावून स्क्रू पिळू लागल्या. त्यांचं तोंड लाल झालं होतं. वर्षभर लिली रेगो चर्चच्या पायरीवर दिसली की त्यांना रस्ता बदलावा लागत होता, तो या बटणापायी.

पण काट्याचं कोडं तसंच राहिलं. पहिला खटका उघडा ठेवला की जळका कप्पा वगळला जातो, सिग्नल सरळ पुढे जातो. उरलेले पाच कप्पे धडधाकट होते. पाचही खटके पाडले. काटा ढिम्म.

"आता बोल! आता कुणी जाळलं?" केदिलायांना उलट जोर आला.

"अँटेनाच काढून टाका."

"काढून काय होणार?"

"काढा तर."

त्यांनी वायर सोडवली, डबी बाजूला ठेवली. हातात नुसती वॉकीटॉकी. ना अँटेना, ना डबी. काटा तरीही टोकाला.

दोघंही काट्याकडे बघत राहिले. अँटेनाच नाही म्हटल्यावर डबीला दोष द्यायला जागाच नव्हती. सिग्नल वॉकीटॉकीच्या प्लास्टिकच्या अंगातून थेट आत घुसत होता. असं व्हायला कोल्हा मैलावर असून भागत नाही. तो हाताच्या अंतरावर लागतो.

"इथेच आहे!" केदिलाय दार उघडून जवळजवळ पडलेच बाहेर. वॉकीटॉकी सीटवरच राहिली. "इथेच बसलाय चोर! आपण त्याच्या डोक्यावरून दोनदा गेलो!"

मग सत्तरीतल्या त्या माणसाने पुलाखाली वाकून बघितलं, गडग्यावर चढून बघितलं, गवताची गंजी काठीने ढोसली. लुंगी काट्यात अडकून फाटली. "रेगो! ये बाहेर! पुरे झाला तमाशा! नियम मोडून कोल्हा होतोस, लाज नाही वाटत?" ओढ्यात बसलेल्या एका म्हशीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. केदिलाय घामाघूम होऊन गडग्यावर बसले. आता त्यांना रडू यायचंच बाकी होतं. कोल्हा हाताशी आहे आणि दिसत नाही, पत्रोडे हाताशी आहेत आणि मिळत नाहीत, असा हा प्रकार.

तोवर जलजाक्षी वॉकीटॉकी घेऊन खाली उतरल्या होत्या. रस्त्याने त्या शंभरेक पावलं गेल्या आणि थांबल्या. काटा उतरला होता. छातीशी वॉकीटॉकी धरून त्या जागच्या जागी सावकाश फिरल्या. पाठ एका बाजूला झाली की काटा आणखी पडायचा, कारण मध्ये स्वतःचं अंग आड येतं. म्हणजे सिग्नल पाठीमागून येतोय. पाठीमागे काय होतं? रस्ता, आणि रस्त्यावर जीप. त्या चार पावलं जीपकडे आल्या. काटा चढला.

"अहो," त्या ओरडल्या, "कोल्हा जीपमध्ये आहे!"

केदिलायांना सगळा उलगडा क्षणात झाला, आणि तो संपूर्ण चुकीचा झाला. "त्याने ट्रान्समीटर आपल्या जीपमध्ये लपवला! सकाळी मैदानात सगळे नाश्ता करत होते तेव्हा! आपणच त्याला घेऊन फिरतोय, आणि तो कुठेतरी सावलीत झोपलाय! अरे हलकट माणसा, तीस वर्षं माझ्या ताटात जेवलास..."

हे सगळं ते जीपमध्ये डोकं घालून बोलत होते. सीट उचलली. स्टेपनीमागे हात घातला. बॉनेट उघडलं. मग दोन सीटच्या मध्ये, जादा म्हणून आणलेली गाडीची जुनी बॅटरी पंच्यात गुंडाळून ठेवली होती, ती उचलली. तिच्याखाली, गोळा झालेल्या वायरीत, डॅशबोर्डावरच्या मोठ्या सेटचा हातातला माईक दबून बसला होता. बोलायचं बटण पार आत गेलेलं.

निघताना कोल्ह्याची पहिली शीळ ऐकायला केदिलायांनीच सेट कोल्ह्याच्या चॅनलवर लावला होता, माईक सीटवर टाकला होता, आणि त्यावर स्वतःच्या हाताने बॅटरी ठेवली होती. वॉकीटॉकीचा आवाज वाढवला तेव्हा तोच आवाज या माईकमध्ये शिरून किंकाळी उठली होती.

जलजाक्षींनी सेटवरची टोपी उचलली. तिच्याखाली 'बोलणं चालू' असल्याचा लाल दिवा सकाळपासून जळत असणार. बॅटरी उचलली तेव्हा कुठे तो विझला होता.

"काखेत कळसा," त्या म्हणाल्या, आणि पुढचं म्हणायची त्यांना ताकद राहिली नाही.

सेटच्या स्पीकरमधून टाळ्यांचा आवाज आला. खरोखरच्या टाळ्या.

"सोडलं! सोडलं त्यांनी बटण!" मग एक घसा खाकरला. "केदिलाय सर, नमस्कार. कंट्रोलवरून हेब्बार बोलतोय. तोंडात तीळ न भिजणारा."

केदिलायांनी माईक असा धरला होता, जणू विंचू. "हेब्बारा... तुम्ही... कधीपासून?"

"मैदान सोडल्यापासून, सर. आपली शीळ आणि आपलं भाषण यापलीकडे सकाळपासून चॅनलवर काही नाही. कोल्ह्याचा आवाज कुणालाच आला नाही. दोन गाड्या टपरीवर बसून, ताळमद्दळेतला रंगलेला वादसंवाद ऐकावा तशा आपल्याला ऐकतायत. आणि बल्लाळ आपल्यालाच कोल्हा समजून मागे मागे फिरतोय. म्हणतो, या वर्षीचा कोल्हा पळतो फार."

मध्येच दुसरा आवाज घुसला. "बल्लाळ बोलतोय, सर. बायकोला घरचा रस्ता विचारून ठेवलाय. काळजी नसावी."

टपरीवरून हशा ऐकू आला. केदिलायांनी सेटचा आवाज बंद केला आणि सीटवर बसून तोंडावर पंचा ओढून घेतला. स्क्रूला दिलेल्या शिव्या, हेब्बारच्या इडल्या, सगळं चॅनलवर गेलं होतं. पीळ गेला होता, करमत नाही तेही गेलं होतं. आणि ते बटण! ही गोष्ट जीपबाहेर जाता कामा नये, हे वाक्यसुद्धा जीपबाहेर गेलं होतं.

"रेगोने ऐकलं असेल?" ते पंच्याखालून म्हणाले.

"कोल्ह्याजवळ रेडिओ असतो म्हणतात," जलजाक्षी म्हणाल्या.

"घरी चल."

"अजिबात नाही."

"तोंड दाखवायला जागा उरलेली नाही मला! घरी चल म्हणतो ना!"

तेवढ्यात सीटवर पडलेल्या वॉकीटॉकीचा काटा हलला. जलजाक्षींनी आवाज वाढवला. शीळ. साधी, बारीक, सरळ शीळ. कोल्ह्याने बोलायचं नसतं, फक्त शीळ सोडायची, त्यामुळे त्या शिळेत राग आहे का हसू आहे का काहीच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तिथेच केदिलायांचा जीव अडकला.

"बल्लाळलाही आता हीच शीळ ऐकू येतेय," जलजाक्षी सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या आणि किल्ली फिरवली.

पंचा खाली आला. "डावीकडे घे," केदिलाय पुटपुटले. हात आपोआप वायर जोडायला लागले होते. "डावीकडे. बागेच्या वाटेने. अगं घे ना लवकर, तो येईल मागून!"

यानंतर मात्र डबीने रेगोच्या हाताची अब्रू राखली. पुढच्या शिळेला काटा टोकाला गेला. दुसरा खटका पाडला, काटा निमूट अर्ध्यावर. अँटेना फिरवली, काटा डोंगराच्या बाजूला उठला. तिसरा खटका. चौथा. जीप पोफळीतून बाहेर पडून जांभ्याच्या एका ओसाड खाणीशी आली तेव्हा पाचही पाडले होते आणि काटा खाणीच्या वरच्या कडेकडे बोट दाखवावं तसा उठत होता. मागे लांबवर बल्लाळच्या गाडीचा हॉर्न वाजला. केदिलाय उतरले आणि चढ चढू लागले. जलजाक्षी जीपपाशीच थांबल्या, काजूची झाडं अगदी बघण्यासारखी असावीत तशा त्या झाडांकडे बघत.

वर पत्र्याच्या पडक्या शेडच्या सावलीत रेगो उलट्या खोक्यावर बसला होता. शेजारी ट्रान्समीटर, पलीकडे छोटा रेडिओ, मध्ये बंद डबा. वर्षभरात त्याचे केस पार पांढरे झाले होते. त्याने मान वर केली, केदिलायांच्या फाटलेल्या लुंगीकडे पाहिलं, हातातल्या डबीकडे पाहिलं.

"जेवायला आलोय," केदिलाय धापा टाकत म्हणाले. "रीतीप्रमाणे."

"बस."

रेगोने केळीचं पान फाडून दोन केली. दोन्हीवर पाणी शिंपडलं. डब्याचं झाकण काढलं. पत्रोड्यांचा वास सुटला. पण वाढायला उचललेला हात त्याने डब्यावरच ठेवला.

"सकाळपासून चॅनलवर कोणीतरी बडबडत होतं," तो म्हणाला. "आवाज कधी यायचा, कधी जायचा. बटणाचं काहीतरी होतं."

"ऐकलंस ना? मग झालं तर."

"ऐकलं. पण ऐकण्याने संपर्क होत नाही, केदिलाया. क्लबातल्या पोरांना तूच शिकवतोस. एकाने हाक घातली, दुसऱ्याच्या कानावर पडली, तरी धरायचं नाही. समोरच्याला उद्देशून सांगायचं, समोरच्याने पोचलं म्हणायचं, मग संपर्क. तू ते मला सांगितलं नव्हतंस. बायकोला सांगत होतास."

केदिलायांचा संताप संताप झाला. वीस जणांनी ऐकलं, जिल्ह्याने ऐकलं, लाज नावाची चीज शिल्लक राहिली नाही, तरी या माणसाला पुन्हा पाहिजे! चढावर खडी वाजली. बल्लाळ आणि त्याचा जोडीदार वर येत होते, मोठमोठ्याने बोलत. ते पोचले की पुन्हा चार माणसं होणार, पुन्हा थट्टा होणार, आणि हे राहून जाणार ते कायमचंच, हे केदिलायांना कळत होतं. त्यांनी डबी रेगोसमोर खाली ठेवली.

"बटण मी दाबलं," ते म्हणाले. "डबी लावलेली असताना. तुझं सोल्डर चांगलं होतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

रेगोने दुसऱ्या हाताने डबी जवळ ओढली.

"पोचलं," तो म्हणाला. त्याने डब्यावरचा हात काढून घेतला, पण वाढलं नाही. "आता माझं घे. दर रविवारी सकाळी सातला तू रेडिओवर हाक घालतोस. माझं नाव घेऊन नाही, पण आपल्या जुन्या चॅनलवर. थांबतोस, परत घालतोस. पाऊस असो काही असो. मी दर रविवारी सेट लावून बसलेला असायचो. बोट बटणावर ठेवून. लिली मागून म्हणायची, दाबा हो, दाबा. मी एकदाही दाबलं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

केदिलायांच्या डोळ्यांसमोर ते सगळे रविवार आले. कॉफी गार होईपर्यंत ऐकलेली ती नुसती खरखर. ओरडावंसं वाटलं, त्या म्हाताऱ्याची गचांडी धरावीशी वाटली. पण रेगोची मान खाली होती आणि तो उत्तराची वाट पाहत होता. बल्लाळचं डोकं कडेवर दिसायला लागलं.

"पोचलं," केदिलाय म्हणाले, आणि दोघांच्याही पानावर त्यांनीच वाढायला घेतलं.